तो १३ च्या डोक्याचा बोल्ट आमचाच

नमस्कार भाऊ,

रिव्ह्यू वाचला, रात्री एकदा आणि सकाळी दुकान उघडल्यावर परत एकदा. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की वडलांची यामाहा आरएक्स १०० आम्ही चार महिने अडकवून ठेवली, नुसत्या नट-बोल्टांचे ४,८०० लावले, ऑनलाइन अख्खा एसएस ॲलन किट (स्टेनलेस स्टीलचे, षटकोनी खाचेचे बोल्ट) ६५० ला येतो तरी जुनेच गंजके बोल्ट घासून परत बसवले, आणि एवढं "ओरिजिनल ओरिजिनल" करून सायलेन्सरच्या ब्रॅकेटला एक बोल्ट भलताच निघाला.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तिथे चूक आमचीच. तुमचा फोटो मोठा करून बघितला, डोक्यावर मजबुतीचा आकडा ८.८ स्पष्ट दिसतंय. जपानी गाडीला ८ एमएमच्या बोल्टाला १२ चा पाना लागतो आणि १० एमएमला १४ चा, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात तोच ८ एमएम मागितला की १३ चं डोकं हातात येतं. ट्रायलला गाडी काढली तेव्हा तुमचे बोल्ट प्लेटिंगला, म्हणजे झिंकचा थर चढवायला, गेलेले, म्हणून पोरानं दुकानातला एक लावला आणि नंतर बदलायचा राहिला. डिलिव्हरीच्या आधी पाना मी स्वतः फिरवायला हवा होता, नाही फिरवला. नशीब तो ८ एमएमचा होता, त्याचे आटे तरी जुळतात. १० एमएमला जपानी बोल्टाचे आटे बहुतेक १.२५ चे आणि दुकानातला साधा बोल्ट १.५ चा, तो जोर लावून घुसवला असता तर आटेच गेले असते. अशी आटे मारलेली गाडी महिन्याला एक तरी येते आमच्याकडे.

आता गंजके बोल्ट. भाऊ, ते घासून लावलेले नाहीत. तुमच्या गाडीचे बोल्ट, वॉशर, स्क्रू सगळे काढून, ॲसिडमध्ये गंज उतरवून, गोव्यातून बेळगावला, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पाठवून झिंक करून आणलेत. टाकीखालचा एक बोल्ट काढला तेव्हा त्याचं डोकं लालभडक गंजलेलं, पण आत आट्यांवर, जिथे आपली खारी हवा पोचलीच नव्हती, तिथे जुन्या प्लेटिंगचा पिवळा रंग तसाच होता. म्हणून पिवळं झिंक केलं, नाहीतर सरळ पांढरं केलं असतं आणि तुम्हाला कळलंही नसतं. शिवाय त्या काळच्या बोल्टांच्या डोक्याला मधे खळगा असतो, सपाट नसतं. आजचा बोल्ट कितीही चकचकीत असो, तो खळगा नसला की जाणकाराला लांबूनच कळतं. तुमचेच बोल्ट, तुमच्याच गाडीचे. याच्यापेक्षा ओरिजिनल मी कुठून आणू?

वेळ मात्र इथेच गेला. प्लेटिंगवाला माल किलोवर घेतो, आमचा तीन-साडेतीन किलोचा डबा त्याच्यासाठी किरकोळ, दुसऱ्या कोणाचा लॉट लागेपर्यंत पडून राहतो. आणि दुसऱ्याच्या लॉटमध्ये मिसळू पण देता येत नाही, म्हणून बारीक बोल्ट मी तांब्याच्या तारेत माळेसारखे ओवून देतो. मजबूत बोल्टांना ॲसिड आणि झिंक झाल्यावर भट्टीत १९०-२०० डिग्रीवर काही तास ठेवावं लागतं, नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजननं बोल्ट ठिसूळ होतो आणि बसवल्यावर एक दिवस आपोआप तुटतो. ते पण पिवळा थर चढवायच्या आधी करायचं, नंतर केलं तर रंग जातो. पहिल्यांदा त्यांनी भट्टी केलीच नाही, मी डबा परत पाठवला, त्यात जुलैचा पाऊस आणि मधे चोर्ला घाट. हे तुम्हाला तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. तुम्ही तीन वेळा फोन केलात आणि आम्ही दर वेळी "होतंय" म्हटलं, त्याचा राग येणारच.

एसएस किटचं मात्र माझं मत बदलणार नाही. इंजिनची कव्हरं ॲल्युमिनियमची, त्यात स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, आणि आपली समुद्राकडची ओली खारी हवा, मग दोन धातूंमध्ये बॅटरीसारखं चालू होतं आणि खातं ते ॲल्युमिनियम. वर्षा-दोन वर्षांनी आत पांढरी पावडर धरते आणि बोल्ट जाम. कळंगुटची एक गाडी आली होती अशी, क्लच कव्हरचे चार ॲलन ड्रिल करून काढले आणि भोकांना नवीन आटे बसवले, ६५० च्या किटच्या कितीतरी पट बिल झालं.

आणि ते फुलीचे स्क्रू, ज्यांना तुम्ही "साधे फिलिप्स" म्हणता, ते फिलिप्स नाहीत. ते जपानी मापाचे, डोक्यावर बारीक टिंब असतं बघा. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि फुली खाऊन टाकतो, मग आपले मेस्त्री छिन्नी-हातोडा घेतात. तुमच्या क्लच कव्हरचे सहा स्क्रू छिन्नीचे मार खाऊन आलेले. वर लांब्या वेगवेगळ्या, कुठे २५ कुठे ४०, आणि कोणीतरी आधी लांब स्क्रू उथळ भोकात घातलेला. म्हणून काजूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचला होता. यामाहाच्या स्टँडर्ड स्क्रूच्या पार्ट नंबरात ०६०२५ असलं की ६ एमएम जाड २५ लांब, तसे नंबर लावून कमी पडलेले १७ नग शोधले, जुन्या दुकानदारांकडे पडून राहिलेला न वापरलेला माल.

हिशोब असा, प्लेटिंग आणि भट्टी १,४००, ते १७ नग २,३००, काढणं-साफ करणं-बसवणं १,१००. बिलावर "हार्डवेअर" एवढंच लिहिलं ते आळशीपणाचं, फोडून लिहायला हवं होतं. ॲक्सल आणि ब्रेकचे नट मात्र नवीनच घातलेत. तिथे जुनं घालायचा हट्ट मी करत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

वडलांनी पायलट, म्हणजे आपल्या गोव्यातली मोटारसायकल टॅक्सी, म्हणून चालवलेली गाडी तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत सांगितलीत म्हणून लिहितो, पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला पायलटचा जुना पिवळा रंग अजून आहे. तो आम्ही मुद्दाम खरवडला नाही.

तुमचा १२ च्या डोक्याचा बोल्ट डब्यात सापडला, प्लेटिंग झालेला आहे. चवथीच्या आधी कधीही डिचोलीला गाडी आणा, बसवायला पाच मिनिटं. उशिराबद्दल मजुरीचे १,१०० परत देतो, ते ठरलंय. खराब झालेले स्क्रू पण पिशवीत ठेवलेत, ते तुमचेच आहेत, घेऊन जा. स्टार बदलायचे की नाही ते तुम्ही बघा.