पोलंडचा ११ नोव्हेंबर म्हणजे नुसता लाल धूर? तो फॉरवर्ड मुद्द्यामुद्द्याने खोडून काढतेय

दरवर्षी दिवाळीच्या आसपास हा मेसेज कुठून ना कुठून येतोच. यंदा आईने पाठवला, तिला मावशीने, मावशीला कुठून आला देव जाणे. लाल धुरात बुडालेल्या पुलाचा फोटो आणि खाली मजकूर, की पोलंडमध्ये ११ नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिनाच्या नावाखाली लाखो नाझी रस्त्यावर उतरतात, साधी माणसं दाराला कड्या लावून घरात बसतात, स्वातंत्र्य यांना लढून मिळालंच नाही तर पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा आयतं हातात पडलं, हा सणसुद्धा तिथल्या उजव्या पक्षाने मतांसाठी हल्लीच काढलाय, आणि आपल्या मुलांना त्या दिवशी बाहेर पडू देऊ नका. आई कोल्हापुरात, मी पोलंडच्या पोझनान शहरात, आणि रात्री अकराला तिचा फोन, आवाज पार उतरलेला. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते, ज्याला हवं त्याने पुढे पाठवा.

आधी त्या फोटोबद्दल, कारण फोटो खोटा नाहीये. वॉर्सामध्ये त्या दिवशी दुपारी 'मार्श न्येपोडलेग्वोश्ची' म्हणजे स्वातंत्र्य मोर्चा निघतो, द्मोव्स्की चौकातून पोन्यातोव्स्की पुलावरून नदीपलीकडे नॅशनल स्टेडियमपर्यंत, आणि तो काढणाऱ्या संघटना कट्टर राष्ट्रवादी आहेत यात काही वाद नाही. २०१३ ला याच मोर्चातल्या लोकांनी एका चौकातली इंद्रधनुष्याची कमान जाळली, रशियन दूतावासाच्या गार्डची केबिन पेटवली. २०१७ ला 'गोऱ्या युरोपचे' बॅनर होते, त्यांच्या विरोधात पुलावर बसलेल्या चौदा बायकांना मारहाण झाली. २०२० ला कोणीतरी फेकलेल्या फ्लेअरने, म्हणजे लाल धूर सोडणाऱ्या पेटत्या नळकांडीने, एका बिल्डिंगमधलं घर पेटलं. हे सगळं झालंय, मला त्याचा राग येतो आणि मी त्या मोर्चाच्या वाटेला जात नाही. पण 'लाखो नाझी' हे कुठून आलं बघा. २०१७ ला पोलिसांच्या अंदाजाने ६० हजार लोक होते आणि जगभरच्या बातम्यांत सरसकट '६० हजार नाझी' असं फिरलं. दुसऱ्या वर्षी स्वातंत्र्याला १०० वर्षं झाली, सरकारचा स्वतःचा मोर्चा त्याच रस्त्याने निघाला, अडीच लाखाच्या आसपास माणसं आली, त्यात खांद्यावर पोरं घेतलेले बाप होते, म्हातारी जोडपी होती, आणि फॉरवर्ड बनवणाऱ्याने तो आकडा उचलून जुन्या शब्दाला चिकटवला. ज्या देशाचे ६० लाखांच्या आसपास नागरिक दुसऱ्या महायुद्धात मेले, त्यातले निम्मे ज्यू, त्या देशात बापाच्या खांद्यावरच्या पोरालासुद्धा नाझी म्हणताना हात थरथरायला हवा. त्या मोर्चात वंशद्वेष्टे असतात, त्यांना वंशद्वेष्टेच म्हणा. सगळ्यांना एका पोत्यात भरू नका.

आता कड्या लावून घरात बसण्याचं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी इथे सहा वर्षं ११ नोव्हेंबर बघतेय.

पोझनानमध्ये त्या दिवशी दुहेरी सण असतो. ११ नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचाही दिवस, आणि शहराच्या एका मोठ्या रस्त्याचं नावच श्वेंती मार्चिन, त्यामुळे लोक त्या रस्त्याचा नामदिन साजरा करतात, इथे वाढदिवसासारखाच नामदिनही असतो ना, आपल्या नावाच्या संताचा दिवस, तसा. पांढऱ्या घोड्यावर रोमन सैनिकाच्या वेशात मार्टिन येतो, मागून मिरवणूक, आणि महापौर त्याच्या हातात शहराच्या किल्ल्या देतात. हे सगळं होतं कुठे, तर जर्मन कैसरसाठी १९१० ला बांधून पूर्ण झालेल्या राजवाड्यासमोर! तिथे आता सांस्कृतिक केंद्र आहे. ज्या बादशहाने इथल्या पोलिश लोकांना दाबून ठेवायला तो दगडी वाडा उभा केला त्याच्याच दारात ढोल वाजतायत आणि पोरं झेंडे नाचवतायत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथेच गर्दीत उभी राहून रडले.

आणि खाणं! सकाळी सातला बेकरीसमोर रांग, थंडीने नाक लाल झालेली माणसं, हातात पिशव्या. सगळ्यांना हवे असतात 'रोगाल', म्हणजे मार्टिनच्या घोड्याच्या नालेच्या आकाराचे गोड पाव, वरून साखरेचा पाक आणि शेंगदाण्याच्या कुटासारखा सुक्यामेव्याचा चुरा. हातात घेतला की जड लागतो, एकेक दीडशे ते अडीचशे ग्रॅमचा. आत सारण असतं पांढऱ्या खसखशीचं. पोलंडमध्ये एरवी केक-बिकमध्ये निळसर काळी खसखस वापरतात, पण या रोगालमध्ये पांढरीच लागते, आपण अनारशांना लावतो तीच! मी पहिला घास घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरात गेले. २००८ पासून या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, ठरलेली रेसिपी पाळून सर्टिफिकेट घेतलेल्या बेकरीलाच ते नाव लावता येतं. गोष्ट अशी सांगतात की १८९१ मध्ये इथल्या चर्चच्या पाद्र्याने गरिबांसाठी काहीतरी करा म्हटलं, तर युझेफ मेल्झर नावाच्या बेकरीवाल्याने हे भाजले, श्रीमंतांनी विकत घेतले आणि गरिबांना फुकट मिळाले.

आमच्या मजल्यावर एक पंच्याहत्तरीच्या बाई राहतात, मी त्यांना पानी म्हणते, इथे मोठ्या बाईला तसंच म्हणायचं. दुसऱ्या वर्षी मी हौसेने कोटाला लावायचं कापडी फूल घरीच केलं, आत लाल, बाहेर पांढरं. पानींनी जिन्यात थांबवलं, चष्मा लावला, काही न बोलता ते काढलं, आत जाऊन स्वतःकडचं आणलं आणि माझ्या कोटाला टाचून दिलं. पांढरं आत, लाल बाहेर. म्हणाल्या, आमच्या राष्ट्रचिन्हातला गरुड पांढरा आहे, मानाची जागा त्याची. त्या दिवशी त्यांच्या बाल्कनीत झेंडा, समोरच्या बिल्डिंगमध्ये झेंडा, ट्रॅमला पुढे दोन छोटे झेंडे. घरात कोण बसलंय?

बाकी शहरांचं थोडक्यात सांगते. वॉर्सात दुपारी बाराला पिल्सुदस्की चौकात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी सरकारी सोहळा असतो. वॉर्सातच १९८९ पासून दहा किलोमीटरची स्वातंत्र्य दौड होते, बरोबर अकरा वाजून अकरा मिनिटांनी सुटते, धावणाऱ्यांना पांढरे आणि लाल टीशर्ट वाटतात आणि वरून बघितलं की अख्खा रस्ता झेंडा झालेला दिसतो. क्राकोमध्ये मोठ्या चौकात गाण्याचे कागद वाटतात आणि अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून जुनी देशभक्तीची गाणी म्हणतात. ग्दान्स्कची परेड तर घरच्या लग्नाच्या वरातीसारखी, जुन्या काळचे पोशाख घालून पोराबाळांसकट. या सगळ्यातला एकही फोटो त्या फॉरवर्डमध्ये नाही.

'आयतं मिळालं' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने हा देश खाऊन टाकला, पुढची १२३ वर्षं नकाशावर पोलंड नावाचं राज्य नव्हतं. त्या काळात १८३० चा उठाव, १८६३ चा उठाव, हरल्यावर फाशी आणि सायबेरिया. एक गोष्ट खरी की १९१८ मध्ये तिन्ही साम्राज्यं एकदम कोसळली, हे नशीब होतं आणि पोलिश लोकही ते नाकारत नाहीत. पण नशीब पकडायला माणसं तयार लागतात. क्राको ३१ ऑक्टोबरलाच मोकळं झालं होतं, लुब्लिनमध्ये ७ नोव्हेंबरला समाजवादी नेता दाशिन्स्कीचं सरकार उभं राहिलं, पोलिश सेनानी पिल्सुदस्की जर्मनांच्या माग्देबुर्गच्या कैदेतून सुटून १० तारखेला सकाळी वॉर्सात उतरला, ११ ला त्याच्या हातात सैन्याची सूत्रं आली आणि वॉर्साच्या रस्त्यांवर पोलिश पोरं जर्मन शिपायांच्या बंदुका काढून घेत होती. आणि ११ नोव्हेंबरला सगळं संपलं असंही नाही! मी राहते ते पोझनान त्या दिवशी जर्मनीतच होतं. २६ डिसेंबरला पोलिश स्वातंत्र्यासाठी झटणारा पियानोवादक पादेरेव्स्की इथे आला, दुसऱ्याच दिवशी उठाव पेटला आणि हे शहर लढूनच पोलंडमध्ये आलं. पुढे सिलेशियात तीन उठाव, १९२० ला वॉर्साच्या दारात बोल्शेविकांशी, म्हणजे रशियन कम्युनिस्टांशी लढाई. याला आयतं म्हणायचं?

सण हल्लीच काढला म्हणणाऱ्याने एक तारीख बघायला हवी होती. कायद्याने हा राष्ट्रीय सण झाला १९३७ ला, त्या कायद्याखाली दोनच वेळा साजरा झाला आणि १९३९ ला हिटलर आणि स्टालिनने देश परत वाटून घेतला. युद्धानंतर कम्युनिस्टांनी तो रद्द करून २२ जुलैला स्वतःचा सण आणला. तरी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी लोक ११ नोव्हेंबरला वॉर्साच्या समाधीपाशी जमायचे, आणि त्यासाठी पोलीस उचलून न्यायचे. फेब्रुवारी १९८९ मध्ये जुन्याच राजवटीच्या संसदेने तो परत आणला, निवडणुकांच्याही आधी. ज्या उजव्या पक्षाचं नाव घेतात तो 'लॉ अँड जस्टिस' तर २००१ ला जन्मला.

राहिला आमच्या, म्हणजे इथल्या भारतीयांच्या सुरक्षेचा प्रश्न. इतर दिवशी ट्रॅममध्ये वाकडं बोललेलं माझ्या ओळखीच्या दोघांनी ऐकलंय, ते मी लपवणार नाही. वॉर्सात असाल तर त्या दिवशी दुपारनंतर द्मोव्स्की चौक ते पोन्यातोव्स्की पूल एवढा भाग टाळा, शहर बाकी भरपूर आहे. पण घरात कोंडून घेऊ नका. आणि आई, तुला तर हे मी सांगायला नको, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहिली, सोव्हिएतांनी सायबेरियाकडे हाकललेली, बहुतेक बायका आणि पोरं. वॉर्सात त्या वळिवड्याची आठवण दगडात कोरून ठेवलीय. मी कोल्हापूरची म्हटल्यावर पानींनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं, रोगालचा आडवा कापलेला फोटो पाठवला. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला: खसखस गरम पाण्यात भिजवून वाटतात का गं, की आधी भाजतात?