घरच्या घरी ब्रेक बदला, मजुरी वाचवा

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायला गॅरेजवाल्याने सहाशे रुपये मजुरी सांगितली, तर लगेच हो म्हणू नका. मनातल्या मनात हिशेब करा: चार बोल्ट काढायचे, चार बोल्ट लावायचे, त्याचे सहाशे? आणि तुम्ही तर इंजिनिअर. कॉम्प्युटरचे असलात म्हणून बिघडलं कुठे, पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस धरून लोखंडाचा चौकोन घासलाच होता की. तो शेवटपर्यंत चौकोन झाला नाही, हा भाग वेगळा. शिवाय डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९०२ सालीच घेऊन ठेवलंय. सव्वाशे वर्षं जुन्या गोष्टीत अवघड ते काय असणार?

मग रात्री जेवणं झाल्यावर व्हिडिओ बघा. अमेरिकेतलाच बघा. त्यात ॲरिझोनातला कुणी दाढीवाला आपल्या टू बीएचकेएवढ्या गॅरेजात उभा असतो, दोन बोटांनी बोल्ट काढतो आणि बारा मिनिटांत दोन्ही चाकं उरकून हात पुसतो. त्याच्या बोल्टवर गंजाचा ठिपका नसतो, कारण तिकडे वाळवंट आहे. तुमच्या गाडीने ताम्हिणी घाटाचे आठ पावसाळे अंगावर घेतलेत, पण इतका खोलात विचार करायचा नसतो. व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचीही गरज नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो पेडलबद्दल काहीतरी सांगतो, तोवर तुम्ही पॅडच्या किमती शोधायला लागलेले असता.

शनिवारी पुण्यातली नाना पेठ गाठा, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तिथेच. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारेल, "मॉडेल? साल? पेट्रोल का डिझेल? कॅलिपर कुठल्या मेकचं?" पहिल्या तीन प्रश्नांपर्यंत तुम्ही टिकाल. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, हे अजून माहीत नसतं, म्हणून चौथ्याला "गाडी पांढरी आहे" असं सांगून बघा. तो दोन खोकी पुढे टाकेल, एक नऊशेचं, एक सोळाशेचं. फरक विचारलात तर "क्वालिटी" एवढंच म्हणेल. सोळाशेचं घ्या. तिथून बोहरी आळी फार लांब नाही. टॉमी, गोटीपान्यांचा सेट, पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प, गाडीखाली लावायला जॅक स्टँडची जोडी आणि नट नेमका किती आवळायचा ते सांगणारा टॉर्क पाना, एवढं घेतलं की झालं. बिल पाच हजारांच्या पुढे गेलं की त्याला गुंतवणूक म्हणतात. ते बिल गाडीच्या डॅशबोर्डातच राहू द्या, घरात नेऊ नका.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उतरा. एकटे असाल असं समजू नका, पाना वाजल्याचा आवाज आला की दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येतातच. त्यांनी वीस वर्षं स्कूटर स्वतः उघडून स्वतः जोडली आहे, त्यामुळे त्यांना सगळं येतं. खुर्ची ते स्वतःच आणतात.

आता गाडी जॅकवर चढवा आणि मगच नट सैल करायला घ्या. म्हणजे चाक नटाबरोबर गोल फिरायला लागेल. हँडब्रेक तर कचकचून ओढलाय, मग हे फिरतंय कसं, असा प्रश्न पडेल. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, हे ज्ञान नेमकं याच क्षणी होतं. गाडी परत खाली घ्या. नट टायरवाल्याने एअर गनने आवळलेले असतात, ते हाताने हलत नाहीत, म्हणून पान्यावर उभे राहा. काका म्हणतील, "अहो, उलटा फिरवताय." तुम्ही म्हणा, "काका, बरोबर आहे." मग तुम्ही उलटा फिरवत असता.

चाक निघालं की काम संपल्यात जमा आहे असं व्हिडिओत वाटतं. कॅलिपरच्या खालच्या बोल्टला पाना लावा. पाना अर्धवट बसवून सगळा जोर एकदम द्या, म्हणजे बोल्टचे कोपरे छान गुळगुळीत होतील आणि पुढे कुठलाच पाना त्याला धरणार नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारायचा असतो आणि मग तासभर थांबायचं असतं. तुम्ही तो मारून लगेच हातोडी घ्या. बोल्ट शेवटी निघतो, पण कधीकधी आटे घेऊन निघतो. ही पाळी आली की गॅरेजवाल्याला फोन लावा. रविवारी तो जेवत असतो. घास गिळून विचारेल, "कुणी उघडला?" त्याला सांगा, मित्राची गाडी आहे.

सुटलेलं कॅलिपर रबरी होजवर लोंबकळत सोडायचं नसतं, होज आतून फाटते. तारेने बांधून ठेवतात. तार नसेल तर कपाटातला हँगर सरळ करून घ्या, शक्यतो ज्याच्यावर चांगली साडी लावलेली आहे तो.

मग कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन. जुने पॅड झिजले तसतसा तो बाहेर येत गेलेला असतो, आणि नवे पॅड जाड, तेव्हा त्याला परत आत दाबल्याशिवाय कॅलिपर बसत नाही. क्लॅम्प हळूहळू आवळत राहा. इथे शाळेतला पास्कल कामाला येतो: इकडे दाबलेलं ऑइल तिकडे बोनेटखालच्या टाकीत चढतं, आणि टाकी तुम्ही गेल्याच महिन्यात हौसेने काठोकाठ भरलेली असते. ते ओघळून फेंडरवर येतं. दिसायला पाण्यासारखं, म्हणून तसंच राहू द्या. दुपारपर्यंत तिथला रंग मऊ पडतो, नख लावलं की साल निघते. सांडलेल्याची भरपाई माळ्यावरच्या अर्ध्या बाटलीतून करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअस सोसतं आणि ओल मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, घाट उतरताना त्याची वाफ झाली की पेडल पोकळ लागतं, वगैरे गोष्टी लोक सांगतात. पण अर्धी बाटली टाकवत नाही ना!

पॅड बसवताना एक स्प्रिंगची पत्ती उरेल. उरू द्या. आतला पॅड कुठला आणि बाहेरचा कुठला, यावर काकांशी चर्चा करा. ज्याला झीज दाखवणारी छोटी पत्ती असते, तो बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून किंचाळते. गेले चार महिने ती किंचाळत होती, तेव्हा तुम्ही गाण्यांचा आवाज वाढवत होता. काका सुचवतील, "डिस्कला जरा ऑइल मारा, आवाज जाईल." सल्ला अगदी मनापासूनचा आहे, आणि तो ऐकलात तर आवाज खरंच जातो. ब्रेकही जातो.

सगळं आवळून झालं की गाडीत बसा, रिव्हर्स टाका आणि ब्रेक दाबा. पेडल थेट पायाखालच्या कार्पेटला टेकेल. मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडला भिडेपर्यंत गाडी न हलवता पेडल पंप करायचं, हेच तो दाढीवाला त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात सांगत होता. घाबरू नका, मागे खांब आहे.

एवढं निभावलं की अंगात उत्साह येतो, म्हणून लगे हात मागची चाकंही घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतो आणि तो गंजून हबला चिकटलेला असतो. त्याला दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात बोल्ट पिळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. ही भोकं न बघता हातोडीने ठोकत बसलात तर संध्याकाळ चांगली जाते. हँडब्रेक सोडल्याशिवाय तो निघत नाही, आणि हँडब्रेक सोडला की गाडी जॅकवरून निघते, तेव्हा पुढच्या चाकांना दगड लावा. आत दोन शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पॅडच, आणि त्यांना ताणून धरणाऱ्या स्प्रिंगा. आधी फोटो काढू नका, लक्षात राहतं. एक बाजू नमुन्याला न ठेवता दोन्ही चाकं एकदम उघडा. मग पक्कडीने वरची स्प्रिंग ओढा. ती सुटेल, काकांच्या कानाजवळून जाईल आणि गटाराच्या जाळीतून आत पडेल.

जाळी उघडायला सेक्रेटरींची परवानगी लागते. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असल्याची नोटीस त्यांनीच लिफ्टशेजारी लावली आहे, तेव्हा अर्जात कारण लिहिताना 'सोन्याची अंगठी पडली' असं लिहा.