वारा आडवा होता म्हणून वादळ 'बनवलेलं'? काहीही!

फॅमिली ग्रुपवरचे मावशीचे फॉरवर्ड मी एरवी न वाचताच पुढे सरकवते. हा मात्र सरकवता आला नाही, कारण तो तिने आधी माझ्या मावसबहिणीला पाठवला होता. ती राहते फ्लोरिडात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. फॉरवर्डखाली मावशीचा स्वतःचा आहेरही होता: "बघ गं, उगाच घरदार सोडून पळू नकोस, सगळी नाटकं असतात त्यांची."

फॉरवर्डचा मथळा आहे 'मायकल वादळ मानवनिर्मित होतं, हे घ्या पुरावे'. थोडक्यात म्हणणं असं. २०१८ साली मेक्सिकोच्या आखातात मायकल वाढत असताना तिथले वारे त्याच्या विरोधात होते, त्याला विंड शिअर म्हणतात. शिअर असेल तर हरिकेन (अटलांटिककडचं मोठं चक्रीवादळ) मरतं असं शास्त्रज्ञच सांगतात, तरीही मायकल फोफावलं, अर्थात ते कुणीतरी वाढवलं. अलास्कातल्या 'हार्प' या रेडिओलहरींच्या संशोधन केंद्राने समुद्र तापवला. विमानं वादळात घुसून नळकांडी टाकताना व्हिडिओत दिसतात. वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनच्या पाच श्रेणी असतात; आधी चौथी जाहीर केली, मग सहा महिन्यांनी गुपचूप पाचवी करून टाकली. २०२४ मध्ये मिल्टनच्या वेळीही हाच खेळ झाला. आणि शेवटी, लोकांना घराबाहेर काढून जमिनी बळकावायचा हा डाव आहे, तेव्हा आदेश आला तरी घर सोडू नका.

नळकांड्यांपासून सुरू करते, कारण तो व्हिडिओ पाहून मला आधी हसूच आलं.

ती विमानं खरी आहेत आणि वादळात घुसतात हेही खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण तेच त्यांचं काम आहे. अमेरिकेच्या हवाई दलाची एक अख्खी तुकडी मिसिसिपीतल्या कीसलर तळावरून हे करते. शिवाय नोआ या सरकारी हवामान-सागर संस्थेची दोन जुनी चार इंजिनांची ओरायन विमानं आहेत आणि त्यांची नावं आहेत 'कर्मिट' आणि 'मिस पिगी'. मपेट्सच्या कार्यक्रमातली बाहुली पात्रं ती, कर्मिट म्हणजे बेडूक! गुप्त कट रचणारे लोक विमानाच्या नाकावर बेडकाचं चित्र रंगवत नसावेत. त्यातून खाली पडतात ती ड्रॉपसॉन्ड नावाची उपकरणं. छोट्या पॅराशूटला लटकून समुद्रात पडेपर्यंत ती हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात आणि आकडे विमानाला कळवतात. हे आकडे सगळ्या जगाला खुले असतात. मायकल किती जोरदार होतं हे आपल्याला कळलं त्यात याच नळकांड्यांचा मोठा वाटा आहे. वादळ मोजणाऱ्यालाच वादळ घडवणारा ठरवायचं, तर मग ताप थर्मामीटरने आणला म्हणा.

आता शिअर. फॉरवर्डमधल्या या मुद्द्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे.

शिअर म्हणजे समुद्रापासून साधारण दीड किलोमीटरवर वाहणारा वारा आणि बारा किलोमीटरवर वाहणारा वारा यांच्या वेगात आणि दिशेत असलेला फरक. तो फरक जास्त असला की वादळाचं खालचं चक्र एकीकडे राहतं, ढगांचं डोकं दुसरीकडे ढकललं जातं, कोरडी हवा आत शिरते आणि मध्यभागी साठायला हवी ती उष्णता विखरून जाते. हे आपल्याला दूर जाऊन शिकायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावर बाष्पाला तोटा नसतो, तरी त्या दिवसांत तिथे मोठी चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. खाली नैर्ऋत्येचे मोसमी वारे आणि वर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत, त्यामुळे शिअर प्रचंड. म्हणून आपल्याकडची वादळं मोसमाच्या आगेमागे येतात. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० रोजी. तर शिअर वादळाला मारक आहे, मान्य.

पण 'मारक' म्हणजे दरवेळी मारणारच, असं कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. शिअर अगदी कमी असेल तर वादळ मोकळं वाढतं, खूप जास्त असेल तर बहुधा शिअरच जिंकतं. मधल्या पट्ट्यात दोघांची झुंज असते. मायकलवर सुरुवातीला साधारण २० नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी ३५-४० किलोमीटरचं शिअर होतं. हा नेमका तो झुंजीचा पट्टा. ७ ऑक्टोबरला त्याला नाव मिळालं, ८ तारखेला क्युबाच्या पश्चिम टोकाजवळ ते हरिकेन झालं आणि १० तारखेच्या दुपारी फ्लोरिडाच्या मेक्सिको बीचजवळ ताशी २६० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी जमिनीवर आलं. सुरुवातीच्या अंदाजांत ते इतकं जोरदार होईल असं नव्हतं. तज्ज्ञ चकले. तज्ज्ञ चकले म्हणजे कट होता, हा निष्कर्ष मात्र फॉरवर्डवाल्यांचा.

मध्यम शिअर असूनही सगळ्यांना चकवून झपाट्याने वाढलेल्या अशाच वादळांवर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड रिग्लिकी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 'मंथली वेदर रिव्ह्यू' या नियतकालिकात २०१८ पासून भागाभागाने छापून आला आहे. मी मावशीला तोच वाचायला सांगणार होते, पण ती वाचणार नाही, म्हणून सार सांगते.

शिअरमुळे वादळ कलतं. कललेल्या वादळात मोठे गडगडाटी ढग एकाच बाजूला उसळतात, बाकीची बाजू उघडी पडते. उपग्रहाच्या चित्रात ते अर्धवट, मोडकं दिसतं. पण कललेला अक्ष एका जागी थांबत नाही, घुमत राहतो. जोरात फिरणारा भोवरा आधी कलून डुलतो आणि मग ताठ होऊन एका जागी घुमू लागतो, तसंच काहीसं इथे होतं. ढगांचे उसळणारे मनोरे केंद्राभोवती सरकत शिअरच्या विरुद्ध बाजूला येतात, त्यांतून मोकळी झालेली उष्णता केंद्रापाशी साठते, दाब उतरतो, फिरकी आवळत जाते आणि वरचं नि खालचं चक्र पुन्हा एका रेषेत येतं. एकदा ते उभं राहिलं की पुढचं काम समुद्र करतो. त्या ऑक्टोबरात आखाताचं पाणी २८-२९ अंशांचं होतं, नेहमीपेक्षा जास्त ऊबदार.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो दुसरा भाग. वर चढलेली हवा ढगांच्या माथ्यावरून चहूकडे पसरते, आणि हा बाहेर पडणारा लोट पुरेसा जोरदार असेल तर अंगावर येणाऱ्या वरच्या वाऱ्याला तो थोपवतो, वळवतो. शिअरचा आकडा काढतात तो शेकडो किलोमीटरच्या परिसराची सरासरी घेऊन. त्यामुळे कागदावर शिअर भरपूर, आणि वादळाच्या गाभ्याला प्रत्यक्षात जाणवतं त्यापेक्षा कितीतरी कमी. वादळ वाऱ्यापुढे मुकाट उभं नसतं, तेही वाऱ्याला ढकलत असतं. यात कुणी बटण दाबावं लागत नाही.

आणि हो, मिल्टन. त्याचं नाव घेऊन फॉरवर्डने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी मिल्टनचे वारे ताशी २९० किलोमीटरवर पोचले होते. ९ तारखेच्या रात्री फ्लोरिडातल्या 'सिएस्टा की' या बेटावर जमिनीवर येईपर्यंत ते तिसऱ्या श्रेणीवर घसरलं, आणि त्याचं मोठं कारण होतं वाटेत आडवं आलेलं जोरदार शिअर. म्हणजे मायकलच्या वेळी शिअरला गुंडाळून ठेवणारी ती अदृश्य शक्ती सहा वर्षांनी त्याच आखातात रजेवर होती?

हार्पवर फार वेळ घालवत नाही. अलास्कातल्या गाकोना इथे अँटेनांचं ते मैदान आहे, २०१५ पासून अलास्का विद्यापीठ चालवतं. त्याची ताकद ३.६ मेगावॅट. त्याच्या लहरी जिथे परिणाम करतात तो आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, साधारण ८० किलोमीटरच्या वर सुरू होतो, हरिकेनचे ढग १५-१६ किलोमीटरवर संपतात. एका सरासरी हरिकेनमध्ये पाऊस बनताना मोकळी होणारी उष्णता साधारण ६० कोटी मेगावॅट भरते, हा नोआच्या हरिकेन संशोधकांचा हिशेब. भागाकार करा, १६ कोटींहून जास्त हार्प लागतील. तीही चुकीच्या उंचीवर.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते. अमेरिकन सरकारने हरिकेनशी खेळायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांनी अटलांटिकमधल्या एका हरिकेनमध्ये विमानातून शुष्क बर्फ टाकला. त्यानंतर ते वळलं आणि जॉर्जियातल्या सव्हाना शहरावर जाऊन आदळलं. भयंकर बोंबाबोंब झाली. पुढे तपासात दिसलं की ते बर्फ टाकण्याआधीच वळायला लागलं होतं. मग १९६२ ते १९८३ 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा प्रकल्प चालला. ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारून वादळ कमकुवत करायचं, अशी कल्पना. १९६९ मध्ये डेबी नावाच्या हरिकेनवर फवारणी केल्यावर वारे एका दिवशी सुमारे ३० टक्क्यांनी उतरले आणि सगळे खूश झाले. नंतर कळलं की फवारणी न केलेल्या हरिकेनमध्येही असे चढउतार आपोआप होतात, आणि आयोडाइडने गोठवायला लागतं ते अतिशीत (शून्याखालीही न गोठलेलं) पाणी हरिकेनमध्ये पुरेसं नसतंच. प्रकल्प गुंडाळला. तेव्हा प्रयत्न झाले, जाहीरपणे झाले, वादळ कमी करण्यासाठी झाले आणि फसले. 'सरकार वादळं वाढवतं' याला यातून पुरावा कसा मिळतो ते मला कुणी सांगावं.

श्रेणीचा मुद्दा तर अगदीच पोरकट. प्रत्येक हरिकेननंतर राष्ट्रीय हरिकेन केंद्र सगळ्या नोंदी पुन्हा तपासून अहवाल काढतं. मायकलच्या वाऱ्यांचा आकडा ताशी १५५ मैलांवरून १६० झाला, पाचव्या श्रेणीची सीमा १५७ वर आहे, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये श्रेणी बदलली. गुपचूप कसली, पत्रक काढून बदलली. १९९२ च्या अँड्र्यू वादळाची श्रेणी तर दहा वर्षांनी, २००२ मध्ये वाढवली होती. आणि हे तथाकथित शस्त्र मायकलच्या वेळी पडलं कुठे, तर टिंडल या अमेरिकन हवाई दलाच्याच तळावर. तिथे दुरुस्तीअभावी उडू न शकणारी काही एफ-२२ लढाऊ विमानं हँगरमध्ये अडकली होती, आणि तळावर धड राहिलेली इमारत शोधावी लागत होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. शेवटच्या मुद्द्याबद्दल मात्र मी मावशीला फोन करून बोलले, आणि सौम्यपणे बोलले नाही.

'वारा विरोधात आहे, म्हणजे वादळ वाढणार नाही, म्हणजे घरी बसा.' २०१५ च्या होआकिन वादळाबद्दल सुरुवातीचे अंदाज साधारण असेच होते: शिअर आहे, फार वाढणार नाही. ते बहामाजवळ चौथ्या श्रेणीला पोचलं. 'एल फारो' हे मालवाहू जहाज १ ऑक्टोबरला त्यात सापडून बुडालं आणि जहाजावरचे सगळे ३३ जण गेले. कप्तानाचे निर्णय चुकले, त्याच्यासमोरची हवामानाची माहिती शिळी होती, जहाज जुनं होतं, चौकशीत बरंच काही निघालं. पण अंदाजाच्या भरवशावर समुद्रात राहण्याची किंमत काय असते ते यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? अंदाज चुकतात म्हणून तर लवकर निघायला सांगतात. चूक उलट्या बाजूने झाली तर पुन्हा घरी येता येतं.

वादळ कमी झालं म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. मिल्टन घसरत होतं त्याच दिवशी, ते जमिनीवर यायच्या आधीच, फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या सेंट लूसी काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) टोर्नेडो झाले आणि सहा माणसं मेली.

जमिनी बळकावण्याची अफवा २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलिनात इतकी पसरली की 'फेमा' या आपत्ती-मदत संस्थेला धमक्यांमुळे काही ठिकाणचं काम तात्पुरतं थांबवावं लागलं. मदत अडली ती वादळात होरपळलेल्यांचीच. हा फॉरवर्ड पुढे ढकलणारे नाशिकला, पुण्याला कोरड्या घरात बसलेले असतात.

मावसबहिणीला मी एवढंच लिहिलं. फ्लोरिडात घर सोडायचे आदेश मुख्यतः पाण्यासाठी असतात. मायकलच्या वेळी मेक्सिको बीचच्या परिसरात समुद्र जमिनीपासून ९ ते १४ फूट वर चढला होता. म्हणून काउंटीने आखलेले झोन असतात, ए, बी, सी असे, आणि तुझा झोन काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. 'ए'वाल्यांना निघा म्हटलं की निघायचं. वादळ दुसऱ्या श्रेणीचं आहे की पाचव्या, शिअर किती आहे आणि कट कुणाचा आहे, हा काथ्याकूट मैत्रिणीकडे पोचल्यावर चहा पिताना करावा, आणि हवं तर मावशीला व्हिडिओ कॉलवर घ्यावं.