पट्टीच्या प्रोग्रामबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या संगणकावर आडतीचा जुना प्रोग्राम बसवल्यावर तो 'डिव्हाइड बाय झिरो' असा संदेश देऊन बंद पडला, आम्ही डेटा बिघडवला आणि आता नवा प्रोग्राम आपल्या गळ्यात मारू पाहतो, असे आपण लिहिले आहे. लिलाव आटोपून शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, गाळ्यावर खोळंबलेले असताना संगणक अडणे ही साधी गोष्ट नाही, म्हणून खुलासा सविस्तर करतो.

आपला प्रोग्राम 'फॉक्सप्रो 2.6' या नोंदी सांभाळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर बांधलेला आहे. फॉक्सप्रो सुरू होताना आधी यंत्राचा वेग अजमावते. त्यासाठी एक छोटी क्रिया पुन्हा पुन्हा करून तिला लागलेल्या वेळेने भागाकार करते. 1994 च्या सुमारास हा वेळ मोजण्याइतका भरत असे. आजच्या प्रोसेसरवर ती क्रिया इतक्या झटकन उरकते की वेळ शून्य धरला जातो आणि भागाकार तिथेच अडतो. हा संदेश मेनू दिसण्यापूर्वीच येतो, म्हणजे तोवर आपली एकही डीबीएफ (नोंदींची) फाइल उघडलेली नसते. तरीही शेतकरी खाते, तोलाई आणि उचल यांच्या दोन्ही संगणकांवरील फाइल आम्ही आपल्या दिवाणजींसमोर ताडून पाहिल्या; एकाही नोंदीत फरक निघाला नाही.

या दोषावर निर्मात्या कंपनीनेच पुढे दुरुस्ती काढली होती व तीच आम्ही लावली आहे. ती प्रोग्राम चालण्यासाठी सोबत लागणाऱ्या ईएसएल नावाच्या साहाय्यक फाइललाही लावावी लागते, त्यामुळे कोणी जुन्या सीडीवरून ती फाइल पुन्हा चढवल्यास संदेश परत येईल.

नव्या प्रोग्रामविषयी सुचवले त्याचे कारण वेगळे आहे. हा प्रोग्राम 16 बिटचा असल्याने 64 बिट विंडोजवर थेट चालत नाही आणि विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच मिळते. आपल्याकडे मुद्दाम 32 बिट विंडोज 10 घातली आहे, पण तिचा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. नवा प्रोग्राम आपण कोणाकडूनही घ्यावा. नोंदी काढून देण्याचे काम आम्ही करू. मात्र शेतकऱ्यांची नावे जुन्या मराठी फाँटमध्ये असून युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे हमखास निसटतात. प्रत्येक नाव ओळखणाऱ्या माणसानेच ते तपासायला हवे, तेव्हा दिवाणजींना हंगामानंतर कधी मोकळे करता येईल ते कळवावे.