फुकटचं कौतुक

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो विषय पुन्हा निघाला. धाकट्या चुलतभावानं लिहिलं, लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये मिळायला लागल्यापासून वेचणीला बाई मिळेना, सरकारनं बायका आळशी करून ठेवल्या. एवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण खाली त्यानं माझ्या आईचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘आमच्या मोठीमायनं सात लेकरं वाढवली, अठरा माणसांचं खटलं सांभाळलं, कधी सरकारपुढं हात पसरला नाही. अशी बाई आता होणे नाही.’ त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली. जोडणाऱ्यांत माझे सख्खे भाऊही होते.

मी राहते दक्षिण जर्मनीत. या आठवड्यात केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी आमच्या दारावर आहे, त्यामुळं मी जिना झाडत होते. खराटा ठेवला आणि तिथंच पायरीवर बसून उत्तर लिहायला घेतलं. ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकलंच नाही. म्हणून इथं.

मायचं कौतुक करायचंच तर नीट करू. नुसतं ‘राब राब राबली’ म्हणून भागत नाही. परभणी जिल्ह्यातली आमची जमीन काळी, निम्मी कापसाची, निम्मी ज्वारीची. वेचणीच्या दिवसांत माय झुंजूमुंजू व्हायच्या आत शेतात असायची. त्याला कारण होतं. कापसावर दहिवर असतं तोवर वाळलेल्या पानांचा चुरा कापसाला लागत नाही; ऊन चढलं की पान हाताला लागताच चुरगळतं आणि मालाची प्रत उतरते. हे तिला कृषी अधिकाऱ्यानं शिकवलं नव्हतं. कमरेला ओटी बांधून ती दोन्ही हातांनी दोन झाडं एकदम धरायची. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, ती नेमकी नखाच्या मुळाशी घुसतात. डिसेंबरात तिची बोटं अशी फाटलेली असायची की पीठ मळताना मीठ लागलं की ती दातांतून श्वास ओढायची. तेवढाच आवाज. अठरा माणसांच्या भाकरी त्याच हातांनी थापलेल्या असायच्या, शेतात जायच्या आधी.

ज्वारीचं बी तिच्या ताब्यात. काढणीच्या आधी उभ्या पिकातून फिरून ती भरघोस कणसं निवडायची, त्यांची जुडी आढ्याला टांगायची. उन्हाळ्यात कणगी तळाला गेली तरी त्या जुडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती, अण्णांची, माझ्या वडिलांचीही नाही. शेत कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याला ठाऊक, पण पुढच्या वर्षी पेरायचं काय, ते माय ठरवायची.

आणि कापूस? तो अण्णा गाडीत भरून सरकारच्या एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर न्यायचे. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, खातेदाराच्या नावानं निघायचा. खातेदार अण्णा. वेचणीला बाहेरच्या बायका लावल्या तर त्यांना वजनावर मजुरी मिळायची. मायला वजनकाटाच नव्हता.

चुलतभाऊ म्हणतो, तिनं सरकारचा पैसा घेतला नाही. घेतला की. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, थोरला भाऊ बांधावर झोळीत टाकलेला. तिथं मस्टरवर तिचं नाव लिहायचे आणि समोर अंगठा घ्यायचे. ती गोष्ट ती अजून सांगते, आणि रडगाणं म्हणून सांगत नाही, मिरवून सांगते. आठवड्याला रोख पैसे तिच्या हातात पडायचे. पन्नास-साठ वर्षं केलेल्या कामातलं तेवढंच काम कुणीतरी कागदावर लिहिलं, आणि ते दगड फोडायचं होतं.

आता फुकटच्या पैशांचं बघू. माझ्या या चुलतभावाच्या खात्यात केंद्राच्या शेतकरी सन्मानाचे वर्षाला ६००० येतात, राज्याच्या ‘नमो’चे आणखी ६०००. ते का येतात? सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून. त्या पैशानं शेतकरी आळशी झाला असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आणि झालाय असं मलाही म्हणायचं नाही. पण त्याच शेतात वाकणाऱ्या बाईला पैसे आले की लगेच समाज बिघडतो. वेचणीला बाई मिळेना याचा दुसराही अर्थ निघतो की राव. किलोमागं देता ते परवडत नसेल.

आणि ज्या मोठीमायला त्यानं पुढं केलं, तिनं हात पसरला नाही यात नवल काय? योजनाच २१ ते ६५ वयाची आहे. माय केव्हाच पासष्टी ओलांडून गेली.

इथं जर्मनीत १९९५ पासून शेतकऱ्याच्या बायकोचा स्वतःच्या नावानं पेन्शन-विमा असतो, शेत नवऱ्याचं असलं तरी. हप्ते भरावे लागतात, हे चुलतभावानं म्हणायच्या आधी मीच सांगते. मूल वाढवण्याचीही वर्षं पेन्शनमध्ये धरतात. १९९२ पासून जन्मलेल्या मुलामागं तीन वर्षं, त्याआधीच्या मुलामागं अडीच, जणू त्या काळात बाई सरासरी पगारावर कामाला होती. मला दोन मुलांची सहा वर्षं मिळाली, एक फॉर्म भरून. आमच्या वरच्या आळीत ज्या म्हातारीच्या गोठ्याजवळच्या ऑटोमाटमधून, पैसे टाकून चालणाऱ्या यंत्रातून, मी दूध आणते, तिला दरवर्षी पेन्शनचं पत्र येतं. तिला कुणी रेवडी खाणारी म्हणत नाही. २०२३ च्या अखेरीस सरकारनं शेतीच्या डिझेलची सवलत काढायचं घाटलं, तेव्हा तिच्या मुलानं भर जानेवारीत ट्रॅक्टर नेऊन हमरस्ता अडवला, आणि गावानं त्याला चहा पाजला.

एका संध्याकाळी मी वेडेपणानं मायचा हिशेब या कायद्यात बसवून पाहिला. सात मुलं, सगळी १९९२ च्या आधीची, म्हणजे साडेसतरा वर्षं. आजच्या दरानं महिन्याला ७०० युरोच्या आसपास. नुसती आम्हाला वाढवल्याबद्दल. कापूस, ज्वारी, गोठा वेगळा. नवऱ्याला आकडा दाखवला तर तो म्हणाला, ‘पाठव मग.’ तेव्हा मी चिडले. मी पाठवते ते वेगळं. तो लेकीचा उपकार होतो, त्यावरही हात जोडतात. हक्काचा पैसा मोजून घेतात, त्याला कुणी हात जोडत नाही.

इथलं सगळंच चांगलं आहे असंही समजू नका. २०२० च्या मोजणीत जर्मनीतल्या शेतांपैकी फक्त ११ टक्के शेतांचा कारभार बाईकडं होता. आपल्याकडं २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाट बाईच्या नावानं असलेली खाती १४ टक्क्यांच्या जवळ होती. इथंही शेत मुलाकडंच जातं. वरच्या आळीतल्या म्हातारीला तीन मुली आहेत आणि ट्रॅक्टर मुलगाच चालवतो. हे आकडे ग्रुपवर टाकायचा माझा विचार नव्हता. भांडणात आपल्या सोयीचं तेवढंच काढायचं असतं, मीही त्याच गावची आहे.

आपल्याकडं हा विचारच नव्हता असंही नाही, म्हणून तर जास्त राग येतो. अण्णा शेतकरी संघटनेचे, छातीवर कायम लाल बिल्ला. १९८६ साली चांदवडला शरद जोशींनी शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं, तेव्हा आमच्या गावातून ट्रक भरून बायका गेल्या. त्यात माय होती, भाकरीचं गाठोडं घेऊन. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. पुष्कळ गावांत लोकांनी तो दिलाही. अण्णांनी भाषणं केली. सातबारा होता तसा राहिला.

ते गेल्यावर वारस नोंद झाली आणि मायचं नाव सातबाऱ्यावर चढलं, आम्हा चौघी बहिणींचीही चढली. २००५ च्या कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाइतका झाला होता, तलाठ्यानं तो नीट लावला. मग हक्कसोडपत्र झालं. मायनं आम्हाला सांगितलं, ‘सह्या करा बायांनो, माहेर राहील.’ आणि आमच्याआधी तिनंच अंगठा लावला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटोसाठी खुर्चीत बसवलं तर ती पदर नीट करून ताठ बसली होती. फेरफार मंजूर झाला आणि आमची नावं निघून गेली. आज परत कागद पुढं आला तर मी परत सही करीन. भाऊ तिथं राहून मायला बघतो, पाऊस नसला की रात्रभर जागा असतो. मी कोणत्या तोंडानं वाटा मागू?

पण एक गोष्ट सांगायची राहते. मी इथलं नागरिकत्व घेतलं. माझ्यासारखीला भारतात फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. ती फक्त वारशानं येऊ शकते. म्हणजे त्या काळ्या मातीत माझं नाव लागायची एकच वाट होती आणि ती मी कचेरीत फोटो काढून बंद केली. दिवाळीला गेले की भाऊ निघताना हुरड्याचं पीठ आणि डाळ बांधून देतो, मी सीमाशुल्काला भीत भीत आणते. ‘आमचं शेत’ असं मी जर्मन मैत्रिणींना सांगते. भावाच्या बायकोसमोर तो शब्द तोंडातच अडतो.

तिच्याशीच, वहिनीशी, रविवारी बोलले. म्हटलं, चुलतभावाला काही शिकवायचं राहू दे, आपल्या घरातच करू. लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाखाली नवरा अर्ज करून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावू शकतो, भावाला मी सांगते. ती आधी काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘ताई, नाव लागलं की माझ्या पंधराशेचे पाचशे होतील ना? मळ्यातल्या काकूचे झाले.’ तिचं खोटं नव्हतं. जिला शेतकरी सन्मानाचे दोन्ही हप्ते मिळतात तिला लाडकी बहीणचे पाचशेच देतात. मी तिला समजावलं की तो सन्मानाचा हप्ता नवरा-बायकोत एकालाच मिळतो, तो भावाला येतो, तुझ्या पैशाला धक्का लागायचं कारण नाही.

‘तुमचं बरोबर असंल,’ ती म्हणाली. ‘पण हे दीड हजार येतात ते कुणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत. पेरणी होऊ द्या, मग बघू.’ मागून मायचा आवाज आला, मला का नाही देत म्हणावं ते पैसे, विचार तिला, ती शिकलेली आहे.