बाटल्या राखायला बसवलं म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

माझ्या भाचीला रक्ताचा कॅन्सर होता, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. उपचार संपले, औषधं द्यायला छातीत कातडीखाली बसवलेला पोर्ट निघाला, डॉक्टरांनी ‘सगळे खेळ खेळू दे’ असं लिहून दिलं. आज शाळेत रिले होती. सरांनी तिला काय दिलं? सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायचं काम. का, तर ‘उगाच काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर होती हो!

या पोरांना व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध देतात. त्याने पायाच्या नसा कमजोर होतात. हिचं पाऊल चालताना उचललंच जायचं नाही, बुटांची पुढची टोकं घासून घासून पांढरी पडलेली. स्टेरॉइडने मांड्यांतली ताकद गेली, खाली बसली की उठताना खुर्ची धरायला लागायची. फिजिओ मॅडम तिला भिंतीच्या आधाराने टाचांवर चालायला लावायच्या. रडायची, मॅडमवर चिडायची, आणि पुन्हा चालायची. इतकं करून पोर धावायला उभी राहिली आणि हिच्या हातात बाटल्या?

हो, मान्य. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी असताना चेंडू लागणं धोक्याचं. पोर्ट असेल तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढत राहतात, आणि खुब्याचं हाड खराब झालेल्या मुलाला उड्या मारायला कोणी सांगणार नाही. पण हे कोणी ठरवायचं? डॉक्टरांनी की मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच सांगितलंय, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी थोडाफार दम लागेल असं खेळावं. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी 2021 मध्ये वेगळी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही हेच म्हणतात की उपचार चालू असतानासुद्धा जमेल तशी हालचाल हवी. घरी बसवून हाडं भक्कम होत नाहीत.

आणि कृपा करून मला युवराजचं उदाहरण पाठवू नका. 2012 मध्ये तो बरा होऊन त्याच वर्षी भारताकडून खेळला, कौतुकच आहे. पण तो तिशीतला पट्टीचा खेळाडू होता. या पोरीला वर्ल्ड कप नकोय. तिला आपल्या टीममधून धावायचंय, बॅटन पाडायचाय, मैत्रिणींच्या शिव्या खायच्यात. शेवटची आली तर आली!

लिहिता लिहिता जरा शांत झाले. सर दुष्ट नाहीत, घाबरलेत. आमची ताई तरी कुठे कमी आहे, जिन्यावर अजून तिचा हात सोडत नाही. आजारपणात सगळ्यांनीच इतकं पाहिलंय की काळजी करायची सवय सुटत नाही. पण त्या भीतीची शिक्षा पोरीने का भोगायची?

माझ्या यादीत शिक्षक बरेच आहेत. तुमच्या वर्गात असं मूल परत आलं तर आईबाबांना बोलवा, काय चालणार नाही आणि कधीपर्यंत, एवढं लेखी घ्या. दम लागला तर थांबायची मुभा द्या. आणि एकदा त्या मुलालाही विचारा की.

उद्या ताई शाळेत जाणार आहे. मीही जाणार. ‘तू तोंड उघडायचं नाहीस’ असं बजावलंय तिने. बघू.