‘मेश बारीक, उत्तर बरोबर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे भागातल्या वर्कशॉपवाल्यांच्या आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे पार्टचे छोटे तुकडे कल्पून त्यातला ताण कॉम्प्युटरवर काढायची पद्धत) शिकण्याबद्दलचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. थिअरीच्या नादी लागू नका, मराठी मीडियमच्या मुलांना ती झेपत नाही, सॉफ्टवेअरची बटणं शिका. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, जितकी बारीक तितकं उत्तर अचूक. निकालाच्या रंगीत चित्रात लाल रंग दिसला की पार्ट तुटणार. फॅक्टर ऑफ सेफ्टी (मटेरियलची ताकद भागिले येणारा ताण) दोनच्या वर आला की टेस्टिंगचा खर्च वाचला. आणि महागडं सॉफ्टवेअर नसेल तर क्रॅक केलेलं घ्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाही असेल. पण यातला एकही मुद्दा जसाच्या तसा घेण्यासारखा नाही, आणि पहिला वाचून तर मला मनापासून वाईट वाटलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी मेश. बारीक मेशनं उत्तर सुधारतं, पण कुठे आणि कुठल्या एलिमेंटनं (तुकड्यानं) हे आधी ठरतं. प्लेटच्या जाडीत चार नोडच्या, म्हणजे फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेल्या, साध्या टेट्राचा (चार पृष्ठांच्या तुकड्याचा) एकच थर घातला, तर प्लेट वाकायलाच तयार होत नाही. मॉडेल खऱ्या पार्टपेक्षा ताठ होतं, डिफ्लेक्शन (वाकणं) कमी दिसतं, स्ट्रेसही (आतला ताण) कमी दिसतो आणि सगळं छान पास होतं. तिथं दहा नोडचा (कडांच्या मध्यावरही बिंदू असलेला) टेट्रा घेतला, तर त्याहून मोठ्या एलिमेंटनंही बरं उत्तर मिळतं. म्हणजे सुधारणा झाली ती एलिमेंट बदलल्यानं.

उलट बाजूही आहे. एल आकाराच्या ब्रॅकेटचा आतला कोपरा ड्रॉइंगमध्ये टोकदार ठेवला, तर मेश बारीक कराल तसा तिथला स्ट्रेस चढतच जातो. दीडशे, अडीचशे, चारशे मेगापास्कल (स्ट्रेसचं एकक), थांबतच नाही. कारण तशा कोपऱ्यात गणितानुसार स्ट्रेस अनंत असतो, आणि सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे त्याच्या मागे धावतं. खऱ्या पार्टवर तिथं काही ना काही रेडियस असतोच. तो मॉडेलमध्ये काढा, फक्त त्याच्या आसपास मेश बारीक करा आणि दोन-तीनदा चालवून बघा. आकडा पाच टक्क्यांहून कमी हलला की थांबा. सगळा पार्ट बारीक करून कॉम्प्युटर रात्रभर तापवण्यात काही मिळत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी आहे: पार्ट कुठे धरला. चार बोल्टवर बसणाऱ्या ब्रॅकेटचा अख्खा तळ ‘फिक्स’ करायची सवय फार जणांना आहे. प्रत्यक्षात लोड आला की बोल्टच्या मधला तळ किंचित उचलतो आणि तो उचलल्यामुळे बोल्टवर जादा ताण येतो. तळ चिकटवून टाकला की हे दोन्ही गायब. मग मेश कितीही सुंदर असो, उत्तर दुसऱ्याच पार्टचं मिळतं. म्हणून मॉडेल उघडण्याआधी शॉपमध्ये जाऊन तो पार्ट कसा बसतो, कुठे टेकतो, कुठे सुटा राहतो, हे फिटरला विचारा. फिटरइतकं हे कुणालाच माहीत नसतं.

लाल रंगाचं थोडक्यात सांगतो. लाल म्हणजे त्या चित्रातला सगळ्यात मोठा आकडा, एवढंच. तो पाच मेगापास्कल असला तरी लालच दिसणार. आधी पट्टीवरचा आकडा वाचा, मग मटेरियल बघा. आपल्या फाउंड्रीवाल्या गावात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्रे कास्ट आयर्नला (बीडाला) व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एकच आकडा) लावून निकाल देऊ नका. एफजी २६० या बीडाच्या ग्रेडला स्टीलसारखा यील्ड पॉइंट (जिथून पार्ट कायमचा वाकतो तो ताण) नसतो. ओढल्यावर २६० मेगापास्कलच्या आसपास तुटणारं हे बीड दाबल्यावर त्याच्या तिप्पट-चौपट सोसतं. व्हॉन मिसेसचा आकडा नेहमी धनच असतो, ओढ आणि दाब त्यात एकसारखे दिसतात. कास्टिंगला मॅक्झिमम प्रिन्सिपल स्ट्रेस (कुठल्याही दिशेतली सगळ्यात मोठी ओढ) बघा आणि ओढ कुठे आहे ते शोधा.

टेस्टिंग वाचतं म्हणणाऱ्यांनी नॉर्वेतल्या स्लेइप्नर ए ची हकीकत वाचावी. तेलाच्या प्लॅटफॉर्मचा हा प्रचंड काँक्रीट तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी, समुद्रात नेण्याआधीच्या चाचणीत, फ्योर्डमध्ये बुडाला. त्याचं विश्लेषण एफईएनंच झालं होतं. गोल टाक्यांच्या मधल्या त्रिकोणी कप्प्यांच्या भिंतींवरचा शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी धरला गेला होता, आणि सळईही पुरेशी पडली नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. पण पुढचं जास्त शिकण्यासारखं आहे: अपघातानंतर नीट केलेल्या एफईएनं ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं सांगितलं, आणि ती प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत तीच, हात वेगळे.

आता पहिला मुद्दा. मराठी मीडियमच्या मुलांना थिअरी झेपत नाही, हे खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या पोरांच्या तोंडावर म्हणायचं धाडस कसं होतं? दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे इंग्रजीतून मशीन डिझाइन पास होणारी मुलं दर वर्षी इथून बाहेर पडतात. अडचण भाषेची असते, अकलेची नाही. आणि लागणारी थिअरी किती, तेही बघा.

आपल्याकडे हायड्रॉलिकचं काम आहे, म्हणून सिलिंडरच घेऊ. बोअर (आतला व्यास) १०० मिमी, बाहेरचा व्यास १२० मिमी, प्रेशर २५० बार म्हणजे २५ मेगापास्कल. जाड भिंतीच्या सिलिंडरचं लामेचं सूत्र आतल्या कडेला लावा: बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग ३६००, आतल्याचा २५००. बेरीज भागिले वजाबाकी, म्हणजे ६१०० भागिले ११००, गुणिले २५. हूप स्ट्रेस (भिंतीच्या गोलाईच्या दिशेतला ताण) आला १३८.६ मेगापास्कल. बाहेरच्या कडेला तो ११३.६. पातळ भिंतीच्या सूत्रानं १२५ येतो, म्हणजे आतली कडा सुमारे दहा टक्के कमी दिसते. सिलिंडरच्या बंद टोकाच्या टोपीवर येणारा जोर सुमारे १९६ किलोन्यूटन, म्हणजे २० टन. हे गणित कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं.

आता याच ट्यूबचा यील्ड ३५५ मेगापास्कल धरला, तर फॅक्टर ऑफ सेफ्टी अडीच येतो. मेसेजप्रमाणे काम संपलं. पण पोर्टचं (तेल आत-बाहेर जायचं) भोक पडलं की त्याच्या कडेला स्ट्रेस वाढतो, आणि पोर्टच्या वेल्डला दिवसाला शेकडो वेळा प्रेशर येतं-जातं. तिथं चीर पडते ती फटीगनं (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाच्या थकव्यानं), यील्डच्या कितीतरी खाली. वेल्ड तसाच ठेवला तर जास्त ताकदीचं स्टील घेऊनही त्याची फटीगची ताकद वाढत नाही. त्यामुळे प्रेशर टेस्ट आणि वेल्डची तपासणी कुठल्याही रंगीत चित्रानं टळत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर क्रॅक कॉपीला हातही लावू नका. ज्या रिपोर्टवर सॉफ्टवेअरचं नाव लिहिता येत नाही, तो ग्राहकापुढे ठेवणार कसा? कॅल्क्युलिक्स हे एफईएचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर प्रीपोमॅक्समधून चालतं. फ्रीकॅडमध्येही एफईएचा विभाग आहे. फ्रान्सच्या वीज कंपनीनं केलेलं कोड-ॲस्टरही खुलं आहे.

सुरुवात वरच्या सिलिंडरनंच करा. एक बाजू टोपीनं बंद, दुसऱ्या टोकाला धरलेला, असा पाव भाग काढा. कापलेल्या दोन पृष्ठांवर सिमेट्री (उरलेला भागही असाच आहे हे सांगणारी अट) द्या, बोअरला आणि टोपीच्या आतल्या बाजूला २५ मेगापास्कल. लांबी मिलिमीटरमध्ये, जोर न्यूटनमध्ये ठेवा. आधी रिॲक्शन फोर्स (धरलेल्या टोकावर येणारा उलटा जोर) वाचा, पाव भागाला ४९ किलोन्यूटन यायला हवा. नाही आला तर प्रेशर चुकीच्या पृष्ठावर आहे किंवा युनिट चुकलंय, स्ट्रेसकडे बघूच नका. तो जुळला की ट्यूबच्या मध्यावर, टोपीपासून आणि धरलेल्या टोकापासून लांब, आतल्या कडेचा हूप स्ट्रेस घ्या. तिथं व्हॉन मिसेस १४२ च्या आसपास दाखवेल, त्यानं गोंधळू नका, १३८.६ शी तुलना हूपचीच करायची. १२५ च्या जवळ अडकला असेल तर भिंतीच्या जाडीत एलिमेंट कमी पडलेत.